भुलेखालची साक्ष

दर रविवारी सकाळी ताईच्या बाहेरच्या खोलीत दोन माणसं बसून अख्ख्या विश्वाचा निकाल लावायची, आणि ताई त्यांना चहा करून द्यायची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. एक तिचा धाकटा भाऊ, छोटू. छोटू म्हणजे सहा फूट उंच, कानावरचे केस पांढरे झालेला, मोठ्या हॉस्पिटलातला भूलतज्ज्ञ. पण शेंडेफळाला एकदा नाव चिकटलं की चिकटलं. दुसरे मामा, म्हणजे यांच्या आईचे भाऊ, निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी शिकवायची खोड काही सुटली नव्हती. आत्मा, परमात्मा, पुनर्जन्म असल्या विषयांची जाडजूड पुस्तकं वाचायची आणि रविवारी इथे येऊन ओकायची, हा त्यांचा कार्यक्रम.

"मामा, मी रोज माणसं विझवतो आणि पेटवतो," छोटू म्हणायचा. "सिरिंजभर औषध शिरेत सोडलं की पेशंटने दहा म्हणायच्या आत तुमचा आत्मा गुल! सिरिंजभर औषधापुढे टिकत नाही, तो कसला अमर हो? मेंदू चालतोय तोवर माणूस. मेंदू थांबला, खेळ खलास. बाकी सगळ्या बाता."

"अरे, दिवा विझला म्हणून वीज गेली का?" मामा विचारायचे.

"वीज मीटरवर दिसते. तुमचा आत्मा दाखवा एखाद्या मीटरवर, लगेच तुमच्या पाया पडतो."

"सगळं मीटरवर दिसायला आत्मा म्हणजे काय पाण्याचा नळ आहे?"

ताईला गंमत वाटायची. ती कोर्टात स्टेनो. दिवसभर वकिलांची तोंडं आणि साक्षीदारांच्या कोलांट्याउड्या उतरवून घेणाऱ्या बाईला घरातलं भांडण म्हणजे सुट्टीच. "दोघेही हरलात, बिस्किटं घ्या," असं म्हणून ती ताटली पुढे सरकवायची. कोण बरोबर याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आत्मा असो नाहीतर मेंदू, सोमवारी साडेदहाला कोर्टात हजर व्हायचंच होतं.

मग तिच्या आतड्यात गाठ निघाली. गाठ कापून काढली, आणि आतडं जुळून येईपर्यंत पोटाला बाहेरून भोक पाडून तिथे शौचाची पिशवी लावली. काही महिन्यांनी पुन्हा एक छोटं ऑपरेशन करायचं, भोक बंद करायचं, पिशवी जायची, असं ठरलं. पहिलं ऑपरेशन छोटूच्याच हॉस्पिटलात झालं. आपल्या घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, असा या लोकांत संकेत आहे, म्हणून भूल दिली ती छोटूच्या जिवलग मित्राने. कॉलेजपासूनचा मित्र, घरी येऊन ताईच्या हातचा चहा प्यायलेला.

आणि त्या टेबलावर ताई जागी झाली.

जागी झाली म्हणजे उठून बसली असं नाही. डोळे उघडेनात, बोट हलेना, श्वाससुद्धा तिचा तिला घेता येईना; तो मशीन घेत होतं. भूल देताना वेगवेगळी औषधं देतात, हे तुम्हाआम्हाला कोण सांगतंय? एक झोपेचं. एक अंगातले सगळे स्नायू सैल पाडणारं, म्हणजे सर्जनला पोटात विनाअडथळा काम करता येतं. आता पहिलं पडलं कमी आणि दुसरं पुरलं पुरेपूर, तर माणूस आत टक्क जागा आणि बाहेरून मढं. ताईचं तेच झालं. पोटात कोणीतरी हात घालून ओढत होतं आणि आगीचा डोंब उसळला होता. सर्जन कोणाला तरी आपल्या नव्या बाथरूमबद्दल सांगत होते, चकचकीत टाइल्स अजिबात बसवू नका, पाय घसरतो. मग म्हणाले, "बाईंनी चरबी काय साठवलीय! इथे काही सापडेल तर शपथ." कोणीतरी फिदीफिदी हसलं. ताई आतल्या आत जिवाच्या आकांताने ओरडत होती, अहो थांबा, मी जागी आहे, आणि ते ओरडणं कुठेच पोचत नव्हतं. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही.

वॉर्डात आल्याआल्या तिने नर्सला सांगितलं. नर्स उशी नीट करत म्हणाली, "स्वप्न पडलं असेल, आजी." आजी! ताई अठ्ठावन्नची होती, पण ते एक असो. मित्र आला. हात बांधून खाटेजवळ उभा राहिला. "ताई, सगळे आकडे सरळ होते. बीपी ठीक, नाडी ठीक, मेंदूच्या मॉनिटरचा आकडा तर एकदम झकास." ताईने टाइल्सचं सांगितलं, चरबीचं सांगितलं. सर्जन राउंडला आले तेव्हा त्यांनाही तोंडावर विचारलं. ते मोठ्याने हसले. "अहो, भुलेत लोक काय काय बघतात! आमच्या एका पेशंटला खोलीत हत्ती दिसला होता." झालं. म्हणजे ताईचं पोट फाडलं ते खरं आणि ताईला ते कळलं तो हत्ती.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी तिने ते या दोघांना सांगितलं. तिला वाटलं होतं, आपली माणसं आहेत. एक जण तरी म्हणेल, बाई गं, काय सोसलंस! कसलं काय. मामांचा चेहरा असा उजळला की लॉटरी लागलीय असं वाटावं.

"बघ छोटू! शरीर मढ्यासारखं पडलेलं, मेंदू औषधाने झोपवलेला, तरीही ही होती! म्हणजे ही कोण? शरीर नव्हे, मेंदू नव्हे. मी इतकी वर्षं काय सांगतोय? ताई, तू वरून बघत होतीस ना? छताजवळून?"

"वरून कुठली, मामा? आत होते. पोटातच होते. तिथेच तर दुखत होतं."

"नीट आठव. थोडीशी वर असशील."

"मामा, ही खरंच जागी असती तर मेंदूही जागाच असता, त्यात आत्मा कुठे आला?" छोटू म्हणाला. मग ताईकडे वळला आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा त्याचा जो मऊ आवाज आहे तो काढला. "आणि ताई, तो झोपलेलाच होता. होतं काय, भूल उतरताना कानावर दोन शब्द पडतात. मेंदूला अर्धवट काही चालत नाही, तो त्याची गोष्ट रचतो आणि तिच्यावर मागची तारीख टाकतो. तू खोटं बोलतेस असं मी म्हणतच नाही. तुला खरंच तसं वाटतं."

तुला खरंच तसं वाटतं! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटारडी म्हटलं असतं तर परवडलं असतं. खोटारड्याशी निदान भांडता येतं. हा तिला समजून घेत होता! तिने दोघांच्या हातांतले कप काढून घेतले, अर्धे भरलेले, आणि मोरीत ओतले.

"उठा," ती म्हणाली. "मी म्हणजे तुमच्या वादातला मुद्दा नाही. एकाला माझ्यात आत्मा सापडला, दुसऱ्याला मेंदूची थाप सापडली, आणि मला दुखलं ते कोणालाच सापडलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते उगीच नाही. जा आपापल्या घरी आणि तिथे लावा जगाचा निकाल."

रविवार बंद झाले.

पिशवी मात्र होती. पिशवी घेऊन कोर्टात बसणं म्हणजे काय, ते बसणाऱ्यालाच माहीत. स्टेनोची खुर्ची न्यायाधीशांच्या अगदी पायाशी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. एका जमिनीच्या दाव्यात ऐन उलटतपासणीत पिशवीची कड सुटली. ताई वाक्य अर्धं टाकून उठली, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि सगळं कोर्ट नाकाला हात न लावण्याचा सभ्यपणा करत बसलं. तिला त्या सभ्यपणाचीच जास्त चीड आली. त्यानंतर ती रजेवर गेली. पुढच्या ऑपरेशनची तारीख हॉस्पिटलने कळवली आणि ताईने उलट कळवलं, येणार नाही.

नाही म्हणजे नाही. कमरेत टोचून भागलं असतं तर गोष्ट वेगळी, पण मणक्याच्या जुन्या दुखण्यामुळे ते जमणार नव्हतं. पूर्ण भूलच हवी. आणि ज्या लोकांनी आपल्याला तिथे जिवंत पुरलं आणि वर तसं काही झालंच नाही म्हणून सांगितलं, त्यांच्या हातात पुन्हा मान द्यायची? त्यापेक्षा पिशवी परवडली.

एका संध्याकाळी छोटू एकटाच आला. चपला काढताकाढताच सुरू झाला.

"ताई, पिशवी लावून जन्म काढणार आहेस का तू?"

"काढीन."

"एका भीतीपायी?"

"भीती?" ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात लाटणं नव्हतं हे छोटूचं नशीब. "भीती असती तर तुझा हात धरून रडले असते रे. मला राग आलाय. कोर्टात खिसेकापू उभा केला तरी त्याचं म्हणणं मी आधी शब्दन् शब्द उतरवून घेते, मग काय ते खोटं ठरतं. तुम्ही माझं ऐकायच्या आधीच निकाल दिलात. कशावरून?"

"मॉनिटरवरून. मेंदूच्या लहरी मोजतो तो. आकडा ठरावीक रेषेच्या खाली असला की माणूस झोपलेला."

"ती रेषा कोणी आखली?"

"कोणी म्हणजे? शेकडो पेशंट बघून. कोणत्या आकड्याला लोक झोपलेले असतात ते तपासलं."

"झोपलेत हे कसं कळलं?"

"उठल्यावर विचारलं त्यांना."

"काय विचारलं?"

"मधलं काही आठवतंय का म्हणून."

"आणि मी म्हणाले आठवतंय, तर म्हणता, मॉनिटर म्हणतोय तू झोपली होतीस! वा रे वा! मॉनिटर खरा कशावरून, तर पेशंट म्हणतो म्हणून. पेशंट खोटा कशावरून, तर मॉनिटर म्हणतो म्हणून. हे तुझं शास्त्र? आमच्याकडे असल्या वकिलाला जज्ज बाहेर काढतील."

छोटूने मॉनिटरचा विषय सोडून दिला. मग म्हणाला, "तो सरळ माणूस आहे, ताई. मुद्दाम नाही केलं त्याने काही."

"मी कधी म्हटलं मुद्दाम केलं? मला त्याच्या नोकरीवर गदा आणायची नाही. माफीही नको. मला एक वाक्य हवंय. ताई, तू जागी होतीस. म्हण."

"जे मला माहीत नाही ते मी कसं म्हणू?"

"मग तेच म्हण ना, गाढवा!" ताई किंचाळली. शेजारचा टीव्ही चाललेला ऐकू येत होता, तो एकदम बारीक झाला. शेजारी कान देऊन होते, देऊ देत. "माहीत नाही म्हण! तू म्हणतोयस, जागी नव्हतीस. ते तुला कुठून माहीत? माझ्या आत मी होते की तू होतास? मामाही तसलेच. त्यांनाही सगळं माहीत. अरे, एवढी पुस्तकं वाचलीत दोघांनी, इतके रविवार घसा कोरडा केलात, त्यात एकदाही, चुकून एकदाही, तुमच्यापैकी कोणाच्या तोंडून मला माहीत नाही एवढे तीन शब्द पडले नाहीत. माझे कप विसळून विसळून हात झिजले."

छोटू खुर्चीत बसला. तो आपल्या गुडघ्यांकडे बघू लागला. ताईला तो लहान होता तेव्हा दिसायचा तसा दिसला, गणित चुकलेलं आणि पाटी लपवायला जागा नाही. पण तिने मन घट्ट केलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"मला माहीत नाही, ताई. तू जागी असशील. मला माहीत नाही."

ताई समोर येऊन बसली. तिला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल, आणि वाटलंही थोडं. मग छोटू चाचरत म्हणाला, "एक पद्धत आहे. जुनी आहे. शिकताना एकदा बघितली होती."

पद्धत अशी. स्नायू सैल पाडणारं औषध देण्याआधी एका हाताला बीपीचा पट्टा गच्च आवळायचा. औषध सगळ्या अंगात जातं, त्या हातात उतरत नाही. म्हणजे सगळं शरीर मढं झालं तरी तेवढा एक पंजा काही वेळ मोकळा राहतो. मग कोणीतरी तो पंजा हातात धरून कानाशी विचारायचं, ऐकू येत असेल तर हात दाब. पट्टा फार वेळ ठेवता येत नाही, पण सुरुवातीची कापाकापी तेवढ्यात होते.

ताईने ऐकून घेतलं. आणि मग तिचा पारा पहिल्यापेक्षा वर चढला.

"म्हणजे विचारायची सोय आहे? इतकी साधी? आणि तुम्ही विचारत नाही?"

"कोणी नाही करत, ताई."

"का?"

"वेळ जातो. सर्जन कटकट करतात." छोटूने तिच्याकडे बघितलं नाही. "आणि उत्तर नको असलं की माणूस विचारायला जात नाही."

आता सांगा, यावर काय बोलायचं? ताई एवढंच म्हणाली की भूल तुझा मित्र देऊ दे, पण हात तू धरायचास. ऐकू येत असेल तर एकदा दाबेन, दुखत असेल तर दोनदा. या अटीवर येते.

मित्राने तोंड फुगवलं पण हो म्हटलं. सर्जन म्हणाले, करा बाबांनो काय नाटकं करायची ती, माझ्या कामात येऊ नका. मामा आदल्या दिवशी हॉस्पिटलात येऊन उत्सुकतेने विचारू लागले की हात दाबणारा नक्की कोण असेल, देह की... ताईने नुसतं बघितलं. मामांनी वाक्य गिळलं आणि संत्री सोलायला घेतली.

टेबलावर छताचे दिवे डोळ्यांत येत होते. दंडाला पट्टा इतका आवळला की बोटं टरारली. छोटूचा तळवा गार होता आणि किंचित ओला. मास्कवर त्याचे फक्त डोळे दिसत होते आणि ताईला कळलं की हा आपल्यापेक्षा जास्त घाबरलाय. "इथेच आहे मी," तो म्हणाला. मित्राने आकडे म्हणायला सांगितलं. एक, दोन, तीन, चार.

पाच म्हटल्याचं तिला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा वॉर्डातल्या खिडकीच्या गजांतून चांगलं ऊन आत आलं होतं आणि मामा स्टुलावर पेंगत होते. ताईने पांघरुणाखाली हात घातला. पोटावर पट्टी होती, सपाट. पिशवी नव्हती! तिने पुन्हा चाचपलं. नव्हती. घशाला कोरड पडली होती, पोट ठणकत होतं, पण ते नेहमीचं, प्रामाणिक ठणकणं होतं, आणि मधलं सगळं कोरं. ना टाइल्स, ना आग, ना काही. इतकी गाढ झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. तिला एकदम सगळ्या जगाबद्दल माया वाटायला लागली. मित्रालासुद्धा चहाला बोलवायचं, तिने ठरवून टाकलं. नर्सला तर ती आपण होऊन म्हणाली, "आजीला जरा पाणी दे गं."

दुपारी सर्जन आले, मागोमाग छोटू. सर्जननी पट्टी बघितली, छान म्हणाले. छोटू पायथ्याशी उभा होता, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशांत.

"झोपले रे!" ताई म्हणाली. "दगडासारखी झोपले. तुझ्या मित्राला सांग, यंदा पास. काही म्हणजे काही कळलं नाही. उगाच तुला उभं केलं तिथे. हात अवघडला असेल तुझा."

छोटूने हात खिशांतून काढले नाहीत.

"दाबला नाही ना मी?"

"दाबलास," छोटू म्हणाला.

ताई हसली. मग हसणं तोंडावरच राहिलं. "काय?"

"पहिला छेद घेतला तेव्हा विचारलं, ताई, ऐकू येतंय का? तू दाबलास. मला वाटलं, आपोआप आखडली असतील बोटं. म्हणून थांबलो, मग विचारलं, दुखतंय का? दुखत असेल तर दोनदा दाब." त्याने खिशातला एक हात बाहेर काढला. "दोनदा दाबलास. सावकाश, मोजून. मी म्हटलं, कळलं मला ताई, वाढवतोय औषध. त्याने वाढवलं. परत विचारलं तेव्हा हात ढिला होता."

"आणि मॉनिटर?"

"मॉनिटरवर तू पूर्ण वेळ झोपलेली होतीस."

ताईने डोळे मिटले आणि आपल्या आत धुंडाळलं. चार. मग खिडकीतलं ऊन. मध्ये कुठे काही नाही, रेघ नाही, सावली नाही. माझ्या आत मी होते की तू होतास, असं छातीठोकपणे विचारणारी ती. आणि आज तिच्या आत कोणीतरी होतं, त्याचा तिलाच पत्ता नव्हता.

"रिफ्लेक्स," सर्जन म्हणाले. त्यांनी पेन खिशाला लावलं. "मी याला तिथेच सांगितलं. बेशुद्ध माणसाचा हातसुद्धा आखडतो. अहो, तुम्हालाच काही आठवत नाही ना? मग झालं तर. म्हणजे काही घडलंच नाही. विषय मिटला."

"मला तर वाटतं," मामा स्टुलावरून उठत म्हणाले, "जे दाबत होतं ते आठवणींच्या पलीकडचं—"

"मामा!"

मामा बसले.

"ताई," छोटू म्हणाला, "तुला खरंच काही आठवत नाही?"

त्याच्या आवाजावरून ताईला सगळं कळलं. शेंडेफळाला वाढवलं होतं तिने. तो सुटायची वाट बघत होता. सबंध आयुष्यात त्याने माणसं झोपवली होती, रांगच्या रांग, म्हातारी, तरणी, पोरंसोरं. सगळी उठून म्हणाली होती, काही कळलं नाही हो डॉक्टर, आणि तो त्यांचं हसून ऐकून घरी गेला होता. कोणाचा हात धरला नव्हता. आता त्या सगळ्यांतले किती जण आत ओरडत होते आणि उठून विसरले, हा हिशेब त्याच्या तोंडावर मावत नव्हता. ताईने एवढंच म्हणायचं होतं, रिफ्लेक्स असेल रे. तिच्याइतका या बाबतीत शब्दाला वजन असलेला दुसरा माणूस पृथ्वीवर नव्हता. आणि तिला म्हणावंसंही वाटलं. पोट सपाट झालं होतं, भाऊ समोर पांढराफटक उभा होता, आणि तिला स्वतःला तर काहीच दुखलेलं नव्हतं.

ओठांपर्यंत आलेलं तिने परत फिरवलं. आपण काय म्हणायला निघालो होतो ते ध्यानात आलं आणि तिचं तिलाच इतकं लाजिरवाणं वाटलं की ती कोपरावर उठायला गेली. टाके ओढले, तशी परत पडली. पण आवाज पडला नाही.

"मला आठवत नाही," ती सर्जनना म्हणाली. "साक्षीदार आठवत नाही म्हणाला तर आम्ही आठवत नाही असं लिहितो. घडलं नाही असं लिहीत नाही. एवढी अक्कल कोर्टाच्या शिपायालाही असते."

"अहो, पण दाबणाऱ्या तुम्हीच, आणि तुम्हीच म्हणताय काही कळलं नाही—"

"मी कुठे दाबला? मी झोपले होते. ती जागी होती. तुम्ही तिच्या पोटात सुरी घातलीत, तिला विचारलं दुखतंय का, तिने जो एक पंजा उरला होता त्याने सांगितलं, दोनदा, मोजून. आणखी काय करायचं तिने? उठून अर्ज द्यायचा? ती आता नाही. तिच्या बाजूने बोलायला कोणी नाही, आणि तुम्ही मला सांगताय, तूच म्हण ती नव्हती म्हणून. गेल्या वेळी माझं असंच केलंत. तेव्हा निदान मी होते हो भांडायला."

वॉर्डातल्या इतर खाटांवरच्या बायका माना वळवून बघत होत्या. नर्स ट्रे घेऊन दारातच थांबली.

"ती कोण होती, मला माहीत नाही," ताई म्हणाली. "आत्मा होती की मेंदू होती, ते या दोघांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. पण तिला दुखलं. मी तिला खोटं पाडणार नाही."

"मग काय आता प्रत्येक पेशंटचा हात धरून बसायचं का आम्ही?" सर्जन म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

छोटू पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. खाटेशी वाकून त्याने ताईचा हात धरायला हात पुढे केला. ताईने हात झटकन पांघरुणाखाली घेतला.

"माझा काय धरतोस आता? माझं झालं. उद्या सकाळी तुझ्या टेबलावर पहिलं कोण आहे?"

"एक बाई आहे. पित्ताशयाची."

"कुठे आहे ती?"

"खालच्या मजल्यावर. आजच भरती झालीय."

"मग जा तिच्याकडे. आणि कुठला हात मोकळा ठेवायचा ते तिला विचार."

छोटूने बाहीने डोळे पुसले आणि तो जिन्याकडे गेला.